आईला कोण सांगणार? गॅरेथ थॉमस प्रकरणाचा अभ्यास

एचआयव्ही समुपदेशनाच्या कामात मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न गोळ्यांचा नसतो. ‘‘ताई, घरी सांगू का?’’ हा असतो. आणि त्याच्या पाठोपाठ, खुर्ची पुढे ओढून, हळू आवाजात, ‘‘माझ्याआधी दुसऱ्याच कुणी सांगितलं तर?’’

पहिल्या प्रश्नाची तयारी आमच्याकडून प्रशिक्षणात करून घेतात. दुसऱ्याची फारशी होत नाही. म्हणून नवीन समुपदेशक आले की मी त्यांच्यापुढे एक प्रकरण मांडते. ते आपल्याकडचं नाही, वेल्समधलं आहे. माणूस रग्बीचा कप्तान होता. आज तो संकटात कसं टिकावं आणि वेगळ्या माणसाला आपल्यात कसं सामावून घ्यावं यावर व्याख्यानं देतो. त्याने स्वतःच सगळं जगजाहीर केलेलं असल्याने त्याचं नाव इथे येईल. घरच्यांचं, बातमीदाराचं, जोडीदारांचं नाव घेतलेलं नाही. शेवटी आमच्या केंद्रात येणाऱ्या एका बाईंचा उल्लेख आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

गॅरेथ थॉमसचा जन्म १९७४ चा, दक्षिण वेल्समधल्या ब्रिजेंडजवळचा. सुरुवातीला त्याने पोस्टमनचं कामही केलं. कोळशाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने यांवर जगलेल्या त्या पट्ट्यात रग्बीला जो मान आहे, तो समजायला क्रिकेटचं उदाहरण पुरत नाही. कोल्हापुरातली तालीम डोळ्यांपुढे आणली तर थोडं जवळ जाता येतं. अंगातली रग, गावाची इभ्रत आणि पुरुष म्हणून असलेली किंमत, सगळं एकाच मातीत मोजलं जातं.

त्या मातीत हा माणूस फार वर चढला. १९९५ च्या विश्वचषकात जपानविरुद्ध पहिला सामना खेळला आणि त्यातच तीन ट्राय केले, म्हणजे तीनदा चेंडू विरोधी संघाच्या रेषेपलीकडे टेकवला. २००५ साली वेल्सने ग्रँड स्लॅम मिळवलं, म्हणजे सिक्स नेशन्स स्पर्धेतले सगळे सामने जिंकले, तेव्हा संघाचा कप्तान तो होता, शेवटचे सामने मात्र दुखापतीमुळे हुकले. त्याच वर्षी तुलूझ क्लबकडून युरोपातला सगळ्यात मोठा चषक जिंकला, आणि न्यूझीलंडच्या दौऱ्यात ब्रिटिश अँड आयरिश लायन्सचा (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या संघाचा) कप्तान जखमी झाल्यावर ती जबाबदारीही त्याच्याकडे आली. २००७ मध्ये वेल्सच्या पुरुष संघाकडून १०० कसोटी सामने पूर्ण करणारा तो पहिला खेळाडू ठरला.

यातल्या बहुतेक वर्षांत तो समलिंगी आहे हे त्याला स्वतःला ठाऊक होतं आणि इतर कुणालाही नव्हतं. लग्न झालेलं होतं. पुढे मुलाखतींत त्याने सांगितलं आहे की त्या काळात आयुष्य संपवण्याचे विचार मनात येत. २००६ साली पत्नीला सांगितलं, घर मोडलं, आणि एका सामन्यानंतर तो खेळाडूंच्या खोलीत कोसळून रडला. जवळच्या एका प्रशिक्षकाला त्याने खरं काय ते सांगितलं. त्या प्रशिक्षकाने जे केलं त्याला मी प्रशिक्षणात पूर्ण अर्धा तास देते. हे तुला एकट्याला पेलणार नाही, संघातल्या दोघांना सांगू, असं त्याने सुचवलं. सगळ्या संघाला नाही, फक्त दोघांना, आणि तेही विश्वासातल्या. त्या दोघांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आधी का नाही सांगितलंस एवढंच विचारलं.

म्हणजे बातमी एकेका कड्यातून बाहेर गेली. आधी पत्नी, मग प्रशिक्षक, मग दोन सोबती, आईवडील. जगाला कळायला डिसेंबर २००९ उजाडला. तेव्हाही त्याने वर्तमानपत्राला स्वतःहून मुलाखत दिली. तो अजून खेळत होता. त्याच्या पातळीचा रग्बी युनियन खेळाडू खेळत असताना उघडपणे असं सांगतो, हे तोवर घडलं नव्हतं. नंतर तो रग्बी लीगमध्ये, म्हणजे रग्बीच्या दुसऱ्या प्रकारात, गेला. तिथे एका सामन्यात प्रेक्षकांनी त्याला त्यावरून शिवीगाळ केली आणि यजमान क्लबला दंड झाला. २०११ मध्ये त्याने खेळ थांबवला, व्याख्यानं सुरू झाली.

अडचण

त्यानंतर कधीतरी, नेहमीच्या तपासणीत, त्याचा एचआयव्हीचा अहवाल पॉझिटिव्ह आला. त्याने सांगितलंय की डॉक्टरांनी ते शब्द उच्चारले तेव्हा आपण मरणार, हेच मनात आलं. हे नीट लक्षात घ्यावं. इंग्लंड-वेल्ससारख्या ठिकाणी, मोफत उपचार उपलब्ध असताना, जगभर फिरलेल्या माणसाची कल्पना १९८० च्या दशकातल्या मरणाच्या जाहिरातींवरच थांबलेली होती. मग शिरोळच्या ऊसतोड टोळीतल्या माणसाला आपण ‘एवढं कसं माहीत नाही’ असं म्हणण्यात अर्थ नाही.

उपचार सुरू झाले. रोज एक गोळी. विषाणूचं रक्तातलं प्रमाण इतकं खाली आलं की चाचणीत ते सापडेना. आमच्याकडे रिपोर्ट हातात पडल्यावर लोक आधी हेच बघतात: ‘लोड’ आला की नाही आला. लोड सापडत नाही अशी स्थिती टिकून असेल तर लैंगिक संबंधांतून विषाणू जोडीदाराकडे जात नाही. २०१९ च्या मे महिन्यात ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या पार्टनर-२ अभ्यासात ७८२ पुरुष जोडप्यांना पाहिलं होतं. एक पॉझिटिव्ह व उपचारावर, दुसरा निगेटिव्ह. त्यात जोडीदाराकडून झालेली लागण शून्य होती. गॅरेथ तोवर दुसऱ्यांदा लग्नाच्या नात्यात आलेला होता. त्याच्या नवऱ्याला सगळं माहीत होतं आणि तो पाठीशी उभा होता.

म्हणजे शरीराची बाजू सांभाळली गेली होती. खरी अडचण कागदाबाहेरची. ही गोष्ट माहीत असलेल्या काही लोकांनी त्याला धमकावायला सुरुवात केली, तू सांगायच्या आत आम्ही सांगू. त्याने नंतर म्हटलं की ते जगणं नरकासारखं झालं होतं. २००६ ला गुपित त्याच्या एकट्याच्या छातीत होतं. आता ते दुसऱ्यांच्या हातातलं हत्यार झालं होतं.

आणि मग एक बातमीदार थेट त्याच्या आईवडिलांच्या दारात गेला. आपल्या मुलाला एचआयव्ही आहे हे त्यांना त्या दारात, एका परक्या माणसाकडून कळलं. गॅरेथने त्यांना अजून सांगितलेलं नव्हतं. बीबीसीवर हे सांगताना त्याची खंत एकाच गोष्टीची होती. आईवडिलांजवळ बसून, त्यांना काय सांगायचं, कसं समजावायचं, त्यांच्या प्रश्नांना काय उत्तर द्यायचं, ती वेळ कुणीतरी हिरावून घेतली, आणि ती परत मिळणार नाही.

मी हे वाचलं तेव्हा कितीतरी चेहरे समोर आले. रिपोर्ट नातेवाइकाच्या हाती देणारा कंपाउंडर. बाळंतपणाच्या वॉर्डात खाटेवर लाल अक्षरं लिहिणारे. आपल्याकडे दारात येणारा बातमीदार नसतो, पण ते काम करणारे भरपूर असतात.

समोर असलेले पर्याय

बाहेरून पाहणाऱ्याला चार वाटा दिसतात.

गप्प राहून दिवस काढायचे ही पहिली. धमकावणाऱ्यांची हिंमत होते की नाही याची वाट पाहायची. ही वाट बहुतेक माणसं धरतात, आणि त्यात रोज सकाळी फोनकडे हात जाताना पोटात गोळा येतो.

दुसरी कोर्टाची. आजाराची माहिती ही खासगी बाब आहे हे ब्रिटिश कायद्यात पक्कं आहे. छापण्याआधी मनाई हुकूम मागता येतो. पण हुकूम वर्तमानपत्राला बांधतो, कुजबुजीला नाही. शिवाय आईवडिलांना कळून चुकलं होतं. जे वाचवायचं होतं त्यातलं सगळ्यात मोलाचं आधीच गेलं होतं.

तिसरी म्हणजे एक छोटं निवेदन काढून दार लावून घेणं. १९९२ साली टेनिसपटू आर्थर अ‍ॅशवर हीच पाळी आली होती. रक्तातून लागण झालेली, घरच्यांनी आणि मित्रांनी सांभाळलेलं गुपित, आणि एका दैनिकाने विचारणा केल्यावर त्याला पत्रकार परिषद घेऊन जाहीर करावं लागलं. पुढच्या वर्षी तो गेला. त्या काळी औषधं तुटपुंजी होती. सत्तावीस वर्षांनी औषधं पार बदलली, आणि बातमी हिसकावून घेण्याची रीत तशीच राहिली, हे मला फार लागतं.

चौथी वाट: स्वतः, स्वतःच्या शब्दांत, आपण ठरवलेल्या दिवशी सांगायचं. त्यात जोखीम मोठी. सांगितलेलं परत घेता येत नाही.

काय केलं

त्याने चौथी वाट धरली, पण मोकळ्या हातांनी नाही. तयारी बऱ्याच आधीपासून चालू होती. बीबीसीबरोबर माहितीपट बनत होता. त्यात तो एचआयव्हीसह जगणाऱ्या इतरांना भेटत होता, डॉक्टरांशी बोलत होता. आणि टेनबी इथल्या आयर्नमन वेल्स शर्यतीसाठी सराव करत होता. ३.८ किलोमीटर समुद्रात पोहणं, १८० किलोमीटर सायकल, मग ४२ किलोमीटर धावणं. पोहणं तर त्याला जवळजवळ मुळापासून शिकावं लागलं.

शर्यत १५ सप्टेंबर २०१९ ला होती. आदल्या दिवशी त्याने ट्विटरवर व्हिडिओ टाकला. मला एचआयव्ही आहे, हे सांगायला मला भाग पाडलंय, तुम्हाला हे कळल्यामुळे मी उघडा पडलोय, पण त्याने मी दुबळा होत नाही, अशा अर्थाचं तो बोलला. दुसऱ्या दिवशी टेनबीच्या रस्त्यांवर लोक त्याचं नाव घेऊन ओरडत होते. १२ तास १८ मिनिटांत त्याने शर्यत पुरी केली. तीनच दिवसांनी माहितीपट दाखवला गेला.

यातला क्रम बघा. आधी बातमी, लगेच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर धडधाकट शरीर, आणि मग खुलासा करणारी तासाभराची माहिती. ‘एचआयव्ही’ हा शब्द ऐकल्यावर माणसाच्या मनात खंगलेला देह उभा राहायच्या आत त्याने दुसरं चित्र तिथे ठेवलं. हे अपघाताने घडलेलं नाही.

त्याआधीचा एक प्रसंग इथे जोडला पाहिजे. नोव्हेंबर २०१८ मध्ये कार्डिफच्या रस्त्यावर सोळा वर्षांच्या एका मुलाने तो समलिंगी आहे म्हणून त्याला मारलं. चेहऱ्यावर जखमा असतानाच त्याने व्हिडिओ काढला आणि सांगितलं की त्या मुलावर खटला चालवण्याऐवजी समोरासमोर बसून चूक कळण्याची आणि भरपाईची प्रक्रिया व्हावी असं त्याने पोलिसांना कळवलं. मुलाने गुन्हा कबूल केला होता. त्या आठवड्यात फ्रान्स आणि न्यूझीलंडसह काही देशांचे खेळाडू बुटांना इंद्रधनुषी नाड्या बांधून मैदानात उतरले. आपल्यावर ओढवलेलं आपणच आधी सांगायचं, हे तो इथे शिकला असावा असं मला वाटतं.

पुढे काय झालं

पाठिंबा मोठा मिळाला. सहकारी खेळाडू, राजघराण्यातली माणसं, अनोळखी लोक. टेरेन्स हिगिन्स ट्रस्ट या एचआयव्हीवर काम करणाऱ्या ब्रिटिश संस्थेबरोबर आणि एका औषध कंपनीच्या साह्याने त्याने ‘टॅकल एचआयव्ही’ ही मोहीम उभी केली. २०२० च्या नववर्षाच्या सन्मानयादीत क्रीडा आणि आरोग्यातल्या कामासाठी त्याला सीबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला. आज तो शाळांत, कंपन्यांत, क्लबांत बोलतो.

पण प्रकरण इथे थांबवलं तर मी वाचकाला अर्धंच सांगितलं असं होईल. पुढे एका माजी जोडीदाराने त्याच्यावर दिवाणी दावा केला. त्याने आपली स्थिती लपवली आणि त्यातून लागण झाली, असा आरोप होता. गॅरेथने आरोप नाकारले. जानेवारी २०२३ मध्ये दावा तडजोडीने मिटला. त्याने ७५,००० पौंड आणि खर्च दिला, जबाबदारी मान्य केली नाही. न्यायालयाने कुणाच्या बाजूने निकाल दिलेला नाही, म्हणून खरं काय हे मी ठरवणार नाही. नव्या समुपदेशकांना मात्र इथे थांबवते, कारण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात. जगाला सांगायचं की नाही हा ज्याचा त्याचा हक्क. ज्याच्याशी शरीरसंबंध आहे त्या माणसाची गोष्ट वेगळी, तिथे त्याच्याही शरीराचा प्रश्न असतो.

आपल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने (२०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू) या दोन्हींत नीट फरक केलाय. कोर्टाचा आदेश सोडला तर आपली स्थिती उघड करायला कुणालाही भाग पाडता येत नाही. आणि जोडीदाराला मोठा धोका असेल, त्या व्यक्तीला समजावूनही ती सांगत नसेल, तेव्हा डॉक्टरने किंवा समुपदेशकाने काय करायचं त्याची पायरी ठरवून दिली आहे. ज्या बाईला सांगितल्यामुळे मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील, तिला त्यातून संरक्षणही आहे.

निर्णयाच्या जागा आणि वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात अवघड जागा मला आईवडिलांचीच वाटते. निदान झाल्यावर त्यांना लवकर सांगायला हवं होतं, असं म्हणणं सोपं आहे. ते सांगितलं असतं तर बातमीदाराच्या हातात काही उरलं नसतं. २००६ ला त्याने कड्याकड्याने सांगितलं आणि ते टिकलं. २०१९ ला बाहेरचं कडं आधी फुटलं आणि आतलं नंतर. पण त्याने उशीर का केला असेल हे मला कळतं. एकदा आईबापांना मोठा धक्का देऊन झालेला होता. दुसरा द्यायला जीभ उचलत नाही. म्हणून आम्ही आता ‘सांगा’ असा सल्ला देत नाही. आम्ही कागदावर दोन नावं लिहायला लावतो: उद्या बाहेरून कळलं तर कोणाला सगळ्यात जास्त लागेल? ती दोन नावं आधी. बाकीच्यांचं नंतर बघू.

दुसरी जागा आयर्नमनची. मी त्याच्या हिमतीपुढे मान झुकवते. तरी ही गोष्ट सांगताना मला सावध राहावं लागतं. आमच्याकडे येणारी माणसं सकाळची एसटी पकडून येतात, गोळ्यांचा डबा पिशवीत टाकतात आणि दुपारच्या पाळीला कामावर जातात. पॉझिटिव्ह माणसाने आपण निरोगी आहोत हे सिद्ध करायला समुद्र पोहून दाखवावा लागू नये. एकदा एका तरुण रुग्णाला मी हा किस्सा उत्साहाने सांगितला. तो म्हणाला, ‘‘ताई, मला जिना चढताना दम लागतो. मग माझं काय?’’ त्याला नुकताच टीबी होऊन गेला होता. त्या दिवसानंतर मी शर्यतीआधी खांद्यावर हात ठेवणाऱ्या त्या दोन खेळाडूंबद्दल सांगते.

कारण या सगळ्या प्रकरणात मला शिकवावीशी वाटते ती ऐकणाऱ्यांची बाजू. गॅरेथच्या धीरावर व्याख्यानं होतात, व्हायलाच हवीत. पण २००६ ला तो वाचला तो प्रशिक्षकाच्या समजुतीमुळे, आणि २०१९ ला मोडला नाही तो नवऱ्याला आधीच सगळं माहीत असल्यामुळे. दारात गेलेल्या त्या बातमीदाराच्या जागी कुणी एक मिनिट विचार केला असता, तर व्हिडिओची गरजच पडली नसती. समावेश म्हणतात तो बोलणाऱ्याच्या हातात फार थोडा असतो.

आता आमच्या केंद्रातल्या त्या बाई. वय पस्तिशीच्या आसपास, नवरा वारलेला, सासूबरोबर राहतात. दर महिन्याला गोळ्यांची बाटली मिळाली की त्या बाकावर बसून आधी नखाने लेबल सोलून काढायच्या, मग पर्समधला कापसाचा बोळा आत कोंबायच्या. मी विचारलं कापूस कशाला. ‘‘हलवली की वाजते ना. सासूबाई लगेच म्हणतात कसल्या गोळ्या.’’ सहा वर्षं त्यांनी असा आवाज दाबून ठेवला होता.

दोन नावांचा कागद दिला तेव्हा त्यांनी सासूचं नाव लिहून खोडलं आणि धाकट्या भावाचं लिहिलं. काय सांगायचं याची आम्ही तीन वेळा तालीम केली, मी भाऊ झाले होते. चौथ्या वेळी त्या खऱ्या भावालाच घेऊन आल्या. म्हणाल्या, तुमच्यासमोर सांगते, मला मध्येच रडू आलं तर तुम्ही पुढचं सांगा. रडू आलं नाही. भाऊ बराच वेळ तिच्या उपचाराच्या नोंदींच्या हिरव्या पुस्तकाची पानं उलटत राहिला. मग माझ्याकडे बघून विचारलं, ‘‘तिच्या ताटात जेवलं तर चालतं ना?’’ मी चालतं म्हटलं. तो बहिणीला म्हणाला, ‘‘मग दिवाळीला तू वेगळी का बसलीस?’’

सासूला अजून सांगितलेलं नाही. कापूसही अजून आहे. भावाच्या घरी राहायला जातात तेव्हा तेवढा काढतात.